वऱ्हाडातील बाजारभावाची वार्ता : तारयंत्र ते वेबसॉकेट
(मोर्शी परिसराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

सारांश :

बाजारभावाची वार्ता शेतकऱ्यापर्यंत कोणत्या साधनाने, किती वेळात आणि कोणाच्या मार्फत पोहोचते, हा वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. १८७० साली लिव्हरपूलचे कापसाचे भाव तारेने खामगावच्या बाजारात येऊ लागले. २०११ साली वेबसॉकेट या द्विमार्गी संदेशवहनाच्या नियमावलीला प्रमाणरूप प्राप्त झाले आणि पायथन भाषेच्या साहाय्याने असा सर्व्हर एखाद्या साध्या संगणकावरही चालविता येऊ लागला. या दोन टप्प्यांमधील प्रवासाचा आढावा घेऊन, संदेशवहनाचे तंत्र द्विमार्गी असणे आणि व्यवहार द्विमार्गी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे.

बीजसंज्ञा : वऱ्हाड, मोर्शी, बाजारभाव, तारयंत्र, वेबसॉकेट, पायथन, द्विमार्गी संदेशवहन.

१. प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी हा तालुका पूर्वीपासून कापूस, ज्वारी, तूर या पिकांसाठी आणि अलीकडच्या काळात शेजारच्या वरुड तालुक्यासह संत्र्यासाठी ओळखला जातो. संत्रा हे नाशवंत फळ आहे. आंबिया व मृग या दोन्ही बहारांची फळे ठराविक काळातच तोडावी लागतात. त्यामुळे भाव उतरला म्हणून माल महिनोन्‌महिने घरात ठेवण्याची सोय बागायतदाराला नसते. अनेकदा फळ झाडावर असतानाच संपूर्ण बगीच्याचा सौदा होतो. अशा सौद्यात दूरच्या बाजारपेठेत आज काय भाव आहे, मागणी वाढती की घटती आहे, याची माहिती व्यापाऱ्याला असते, बागायतदाराला बहुधा नसते. अलीकडच्या वर्षांत बांगलादेशाने आयात शुल्क वाढविल्यामुळे विदर्भातील संत्र्याच्या निर्यातीवर विपरीत परिणाम झाला. दूरदेशीच्या एका निर्णयाचा परिणाम मोर्शीच्या बगीच्यात कसा जाणवतो, याचे हे ताजे उदाहरण होय.

वार्ता आधी कोणाला कळते, हा प्रश्न वऱ्हाडला नवा नाही. मात्र संगणकशास्त्राच्या अध्यापनात वेबसॉकेटसारखा विषय केवळ तंत्र म्हणून शिकविला जातो आणि इतिहासाच्या अध्यापनात तारयंत्राचा उल्लेख केवळ ब्रिटिशांच्या सुधारणांच्या यादीत येतो. या दोहोंतील अनुबंध तपासणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक अशा दोन्ही पद्धतींचा अवलंब केला आहे.

२. तारयंत्र आणि वऱ्हाडचा कापूस

१८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे ब्रिटिश व्यापाऱ्यांचे लक्ष वेधले गेले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांच्यासारखा स्वतंत्र कापूस आयुक्त नेमण्यात आला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव या शाखामार्गाच्या उद्‌घाटनासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. एका बाजारगावाला मिळालेले हे महत्त्व कापसामुळे होते, हे उघड आहे.

तारयंत्राचा इतिहासही याच सुमारास निर्णायक वळणावर आला होता. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले होते आणि १८५० च्या दशकात देशांतर्गत तारांचे जाळे उभे राहिले. भारत व युरोप यांना जोडणारा इराणच्या आखातातून व तुर्की प्रदेशातून जाणारा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. परंतु या मार्गावर ठिकठिकाणी संदेश उतरवून घेऊन पुन्हा पुढे पाठवावा लागे. मधल्या ठाण्यांवरील कारकुनांना इंग्रजीचे पुरेसे ज्ञान नसल्याने मजकूर विकृत होई आणि कित्येकदा संदेशाला अनेक दिवस लागत. १८७० मध्ये सीमेन्स बंधूंच्या पुढाकाराने तेहरानमार्गे इंडो-युरोपियन तारमार्ग खुला झाला आणि त्याच वर्षी सुवेझ व एडनमार्गे समुद्री केबल मुंबईला पोहोचली. यानंतर लंडन व मुंबई यांच्यामधील संदेश काही तासांत पोहोचू लागला. लिव्हरपूलच्या बाजारातील चढउतार खामगावच्या बाजारात त्याच हंगामात नव्हे, तर त्याच सुमारास समजू लागले.

तांत्रिक दृष्टीने तारयंत्र हे द्विमार्गी साधन होते. ज्या तारेवरून भाव येत असे त्याच तारेवरून खरेदीची मागणी किंवा नकार परत जात असे. परंतु त्या तारेच्या दोन्ही टोकांना व्यापारीच होते. तारेचे दर शब्दागणिक आकारले जात आणि ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. मोर्शीसारख्या मुख्य लोहमार्गापासून दूर असलेल्या भागातील शेतकऱ्याला लिव्हरपूलचा भाव कळे तो अडत्याच्या तोंडून, आणि तोही अडत्याला सांगावासा वाटेल तेव्हा आणि तेवढाच. तारेमुळे वऱ्हाडचा शेतकरी जगाच्या बाजाराशी जोडला गेला, पण त्या जोडणीत त्याचा आवाज नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या परावलंबित्वाची किंमत वऱ्हाडने मोजली. लक्ष्मण सत्य यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कापूस व दुष्काळ यांच्या या संबंधाची विस्तृत चर्चा आढळते.

३. वार्तेला नियमाची जोड

केवळ वार्ता वेगाने आल्याने व्यवहार न्याय्य होत नाही, याची जाणीव वऱ्हाडात तुलनेने लवकर झाली. सध्याच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ स्थापन झाल्याचे मानले जाते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. बाजाराची अधिकृत जागा निश्चित करणे, अडते व मापारी यांना परवाने देणे, अनधिकृत बाजारांना प्रतिबंध करणे, या तरतुदी त्यात होत्या. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची पद्धत ज्या काळात अनेक बाजारांत रूढ होती, त्या काळात उघड बाजाराची ही कल्पना पुरोगामी म्हणावी लागेल.

तथापि या बाजारांच्या समित्यांवर प्रामुख्याने व्यापारी व स्थानिक संस्था यांचेच प्रतिनिधी असत. शेतकऱ्यांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळण्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री अधिनियमाने आजच्या बाजार समित्यांची चौकट घालून दिली. वार्तेचे साधन आणि व्यवहाराचा नियम या दोहोंचा विचार एकत्रितपणे करावा लागतो, हा या कालखंडाचा धडा होय.

४. एकमार्गी वार्ता ते विचारणा-उत्तर पद्धती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाशवाणी हे बाजारभावाच्या प्रसाराचे प्रभावी साधन ठरले. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. रेडिओमुळे वार्ता मध्यस्थाविना थेट शेतकऱ्याच्या घरात आली. तारेला जे जमले नव्हते ते रेडिओने केले. परंतु रेडिओ केवळ बोलतो, ऐकत नाही. सायंकाळी सांगितलेला भाव सकाळचा असे आणि श्रोत्याला प्रतिप्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात या तंत्राचा लक्षणीय प्रयोग १९९८ मध्ये वारणा येथे झाला. वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याची ती योजना होती. प्रत्यक्षात या केंद्रांचा मुख्य उपयोग उसाचे वजन, खतांची नोंद व देयके यांच्या माहितीसाठी झाला. पुढे सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांचा प्रयोग करण्यात आला आणि हीच माहिती त्या साध्या साधनानेही देता येते, असे दिसून आले. गावाच्या गरजेला साजेल इतकेच हलके तंत्र अधिक उपयुक्त ठरते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. केंद्र शासनाने १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू केलेली ई-नाम ही राष्ट्रीय कृषी बाजार योजना याच मार्गावरील पुढचा टप्पा होय.

इंटरनेटवरील माहितीची देवाणघेवाण ज्या एचटीटीपी नियमावलीने होते तिचे स्वरूप विचारणा व उत्तर असे आहे. ग्राहक-संगणकाने विचारले तरच सर्व्हर उत्तर देतो. आपण होऊन काही सांगण्याची मुभा सर्व्हरला नसते. त्यामुळे बदलता भाव दाखवायचा असेल तर ‘भाव बदलला का?’ असे ग्राहकाने वारंवार विचारत राहावे लागते. बाजार समितीच्या फाटकाशी उभे राहून दर पाच सेकंदांनी आत डोकावण्यासारखेच हे होय.

यात होणारा अपव्यय एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, २०० मोबाइल संच आठ तास दर पाच सेकंदांनी भाव विचारीत आहेत. प्रत्येक संचाकडून ५,७६० आणि एकूण ११,५२,००० विचारणा सर्व्हरकडे येतील. प्रत्येक विचारणा व उत्तर यांच्या शीर्षकांना मिळून ७०० बाइट लागतात असे धरले, तर एका संचामागे सुमारे ४० लाख बाइट खर्च होतील. प्रत्यक्षात भाव दिवसभरात ३० वेळाच बदलला असेल, तर उरलेल्या ५,७३० उत्तरांचा अर्थ ‘बदल नाही’ एवढाच असेल.

या अडचणीवर २००० नंतरच्या दशकात अनेक उपाय शोधले गेले. उत्तर मुद्दाम लांबवून ठेवण्याच्या तंत्रांना २००६ मध्ये अ‍ॅलेक्स रसेल यांनी ‘कॉमेट’ हे नाव दिले. त्याच वर्षी ऑपेरा ब्राउझरने सर्व्हरकडून एकमार्गी वार्ता पाठविण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात उपलब्ध करून दिली. कालांतराने ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’ या नावाने ती स्थिर झाली.

५. वेबसॉकेटचा उदय

एकदा जोडलेला मार्ग खुला ठेवून दोन्ही टोकांना केव्हाही बोलता यावे, या कल्पनेला २००८ मध्ये इयान हिक्सन व मायकेल कार्टर यांच्या चर्चेतून वेबसॉकेट हे नाव मिळाले. २००९ च्या अखेरीस क्रोम ब्राउझरने तिचा अंगीकार केला. मात्र २०१० च्या अखेरीस एक गंभीर दोष पुढे आला. मार्गात असलेले काही मध्यस्थ सर्व्हर या नव्या संदेशांना जुन्या पद्धतीचे संदेश समजून त्यांचा चुकीचा साठा करू शकत, असे संशोधकांनी दाखवून दिले. फायरफॉक्स व ऑपेरा यांनी ही सोय तात्पुरती बंद ठेवली. १८६५ च्या तारमार्गावर इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनांमुळे जे घडत होते, त्याच्याशी या घटनेचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. संदेश न समजणारा मध्यस्थ ही दोन्ही काळांतील समान अडचण होती.

यावर उपाय म्हणून ग्राहकाकडून जाणारा प्रत्येक संदेश ३२ बिटांच्या यादृच्छिक किल्लीने झाकून पाठविण्याचा नियम करण्यात आला. डिसेंबर २०११ मध्ये इयान फेट व अलेक्सी मेलनिकोव्ह यांच्या संपादनाखाली आरएफसी ६४५५ ही प्रमाण नियमावली प्रसिद्ध झाली.

या नियमावलीनुसार जोडणीचा आरंभ साध्या एचटीटीपी विचारणेनेच होतो. ग्राहक १६ बाइटांची यादृच्छिक किल्ली २४ अक्षरांच्या रूपात पाठवितो. सर्व्हर तिला ३६ अक्षरांची एक ठरलेली खूण जोडतो, त्यावर शा-१ ही प्रक्रिया करतो आणि २८ अक्षरांचे उत्तर १०१ या स्थितिक्रमांकासह परत पाठवितो. हे उत्तर जुळले की दोन्ही बाजूंना परस्परांची भाषा समजते अशी खात्री पटते. ही ओळख पटविण्याची क्रिया गोपनीयतेसाठी नाही, तर गैरसमज टाळण्यासाठी आहे, हे अध्यापनात आवर्जून सांगावे लागते. गोपनीयतेसाठी टीएलएसचे स्वतंत्र आवरण आवश्यक असते.

त्यानंतर संदेश लहान लहान फ्रेमच्या रूपात जातात. सर्व्हरकडून जाणाऱ्या लहान संदेशाचे शीर्षक केवळ २ बाइटांचे, तर ग्राहकाकडून येणाऱ्याचे किल्लीसह ६ बाइटांचे असते. मार्ग जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी ‘पिंग’ व ‘पाँग’ या विशेष फ्रेम आहेत. वरील उदाहरणात दर २० सेकंदांनी पिंग पाठविला तरी आठ तासांत १,४४० फेऱ्या होतात आणि त्यांना टीसीपी व आयपीची शीर्षके वगळून सुमारे ११,५२० बाइट लागतात. भावाचे ३० संदेश प्रत्येकी १०० बाइटांचे धरले तरी एकूण खर्च १५ हजार बाइटांच्या आत राहतो.

६. पायथन आणि हलका सर्व्हर

जोडणी खुली ठेवायची तर सर्व्हरला एकाच वेळी शेकडो जोडण्या सांभाळाव्या लागतात. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया किंवा थ्रेड ठेवल्यास स्मृती खर्ची पडते. एकाच संगणकाने दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्ये मांडला होता. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेत या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने विकसित झाले. प्रथम ट्विस्टेड, २००९ मध्ये फेसबुकने खुले केलेले टॉर्नेडो, मार्च २०१४ मधील ३.४ आवृत्तीत समाविष्ट झालेले असिंकआयओ आणि सप्टेंबर २०१५ मधील ३.५ आवृत्तीतील असिंक-अवेट ही वाक्यरचना, हे त्यातील प्रमुख टप्पे होत. एमेरिक ऑगस्टाँ यांचे ‘वेबसॉकेट्स’ हे ग्रंथालय याच पायावर उभे आहे.

या पद्धतीचे मर्म असे की जोडणीचा बहुतांश वेळ वाट पाहण्यातच जातो. एकच इव्हेंट लूप सर्व जोडण्यांवर लक्ष ठेवतो आणि जिच्यावर संदेश आला असेल तिचेच काम पुढे नेतो. एखाद्या अनुभवी हमालाने एकाच वेळी अनेक गाड्यांवर लक्ष ठेवून, जी आधी लागेल ती आधी रिकामी करावी, तसे हे आहे. त्यामुळे काही ओळींच्या आज्ञावलीत सर्व्हर उभा राहतो आणि जुन्या संगणकावरही तो शेकडो जोडण्या सांभाळू शकतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असा सर्व्हर चालविण्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

मात्र चालविणे आणि चालू ठेवणे यांत फरक आहे. त्या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

(अ) इव्हेंट लूपमध्ये दीर्घ गणन किंवा संथ डेटाबेस-विचारणा थेट केल्यास सर्वच जोडण्या खोळंबतात. असे काम स्वतंत्र थ्रेडकडे अथवा प्रक्रियेकडे सोपवावे.

(आ) वीज व नेटवर्क खंडित होणे गृहीत धरूनच ग्राहकाची आज्ञावली लिहावी. तुटलेली जोडणी पुन्हा जोडताना सर्व संचांनी एकाच क्षणी धाव घेऊ नये म्हणून प्रत्येकाने कमीअधिक वेळ थांबावे. मधल्या काळात हुकलेले संदेश मिळावेत म्हणून संदेशांना क्रमांक द्यावेत.

(इ) संथ ग्राहकासाठी संदेश साठत गेल्यास सर्व्हरची स्मृती भरते. त्यामुळे प्रतीक्षारांगेला मर्यादा असावी.

(ई) वेबसॉकेटला ब्राउझरचे नेहमीचे परस्थळ-निर्बंध तसेच्या तसे लागू होत नाहीत. विचारणा कोणत्या स्थळाहून आली आणि बोलणारा कोण आहे, याची तपासणी सर्व्हरनेच करावी.

(उ) पुढे एनजिनएक्ससारखा मध्यस्थ सर्व्हर असल्यास जोडणीच्या उन्नयनाची शीर्षके पुढे पाठविण्याची व्यवस्था करावी लागते. अन्यथा ओळख पटण्यापूर्वीच मार्ग तुटतो.

७. चर्चा

वरील विवेचनातून एक प्रश्न उपस्थित होतो. केवळ बाजारभाव कळवावयाचा असेल तर वेबसॉकेटची गरजच काय? तांत्रिक दृष्ट्या पाहता, शेतकऱ्याने फक्त ऐकायचे असेल तर एकमार्गी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरेसे आहेत. ते अधिक साधे असून तुटलेली जोडणी आपोआप पुन्हा जोडतात. वेबसॉकेटचे प्रयोजन सिद्ध होते ते शेतकऱ्याला काही सांगायचे असेल तेव्हाच. आपल्या बगीच्यात किती फळ आहे, कोणत्या भावाला तो राजी आहे, अमुक बोली त्याला मान्य आहे की नाही, वजनाविषयी त्याची तक्रार आहे काय, हे सर्व त्याच मार्गाने परत जाऊ शकले तरच दुसरी दिशा सार्थकी लागते.

अशा प्रकारे साधनाची निवड ही केवळ अभियंत्याची बाब राहत नाही. ऐकणाऱ्याला बोलणारा मानायचे की नाही, हा निर्णय तीत दडलेला असतो. १८७० ची तार द्विमार्गी होती, परंतु वऱ्हाडच्या शेतकऱ्याला तिच्या टोकाशी जागा नव्हती. १८९७ च्या कायद्याने बाजार उघड केला, परंतु समितीत त्याला पुरेशी जागा नव्हती. आजच्या तंत्राने खर्चाची अडचण बऱ्याच अंशी दूर केली आहे. शब्दागणिक दर आता राहिला नाही. भारतातील सार्वजनिक तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. उरलेली अडचण संस्थात्मक आहे.

या संदर्भात ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका विचारात घेण्याजोगी आहे. मोर्शीसारख्या ठिकाणी संगणकशास्त्र, वाणिज्य, अर्थशास्त्र व इतिहास हे विभाग बहुधा एकाच आवारात असतात. शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थी तेथे शिकतात. हलका सर्व्हर उभारणे हा त्यांच्यासाठी प्रकल्प होऊ शकतो. परंतु त्यावरून कोणता संदेश कोणी कोणाला पाठवावा, हे ठरविण्यासाठी अन्य विभागांचे साहाय्य लागेल. बहुविद्याशाखीय अध्ययनाची ही एक प्रत्यक्ष संधी होय.

८. निष्कर्ष

१. वऱ्हाडात वेगवान वार्ता १८७० पासून उपलब्ध झाली, परंतु तिचा लाभ प्रामुख्याने व्यापारी वर्गाला झाला.

२. कारंजा येथील नियंत्रित बाजार व १८९७ चा कायदा यांवरून असे दिसते की, वार्तेच्या साधनाला नियमाची व प्रतिनिधित्वाची जोड आवश्यक असते.

३. रेडिओने मध्यस्थ दूर केला, मात्र श्रोत्याला वाचा दिली नाही. एचटीटीपीने विचारण्याची सोय दिली, परंतु सततच्या विचारणेमुळे साधनसंपत्तीचा अपव्यय झाला.

४. वेबसॉकेट व पायथनचे असिंकआयओ यांमुळे द्विमार्गी संदेशवहन अल्प खर्चात, स्थानिक पातळीवर शक्य झाले आहे.

५. शेतकऱ्याच्या संदेशाला बाजार समितीत आणि सौद्यात मान्यता मिळाली नाही, तर हे द्विमार्गी तंत्रही व्यवहारात एकमार्गीच राहील. तारयंत्राच्या काळात वऱ्हाडने घेतलेला हा अनुभव नव्या साधनांची योजना करताना विसरता कामा नये.